अहवाल आल्यानंतर : जुन्या घराच्या व्यवहाराविषयी काही टिपणे

जुना फ्लॅट घेताना आपण कागद कसून तपासतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो, इंडेक्स टू वाचतो, शेअर सर्टिफिकेटवर कुणाकुणाची नावं चढली ते पाहतो, सोसायटीचं नो-ड्यूज मागतो. इमारत मात्र नजरेनंच तपासतो. पंधरा मिनिटांत हॉल, किचन, बाल्कनी, पाण्याची वेळ, पार्किंग. आयुष्यभराची शिल्लक आणि पुढच्या वीस वर्षांचे हप्ते ज्या खांबांच्या भरवशावर टाकायचे, त्यांच्याबद्दल 'जुनं काम आहे, भक्कम आहे' एवढ्या एजंटच्या शब्दावर समाधान मानतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावणारे थोडे. त्या थोड्यांना पुढे जे निस्तरावं लागतं, त्याविषयी ही टिपणं आहेत. अहवाल येतो, त्यात दोष निघतात, आणि आता हा भार कुणी उचलायचा यावर दोन्ही घरांत वाद सुरू होतो.

*

इंजिनिअर नेमकं बघतो काय, हे आधी समजून घ्यायला हवं. काँक्रीटचा कपचा काढून ताज्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. गुलाबी रंग आला तर काँक्रीटचा अल्कधर्मी गुण शाबूत आहे, आतल्या सळईला संरक्षण आहे. रंग आलाच नाही तर हवेतला कार्बन डायऑक्साइड तिथवर पोचला आहे, आणि ओल मिळाली की सळई गंजणार. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. बीमच्या खालच्या कडेनं, सळईच्या बाजूबाजूनं सरळ धावणारी चीर ही बहुधा त्या दाबाचीच असते.

अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनिलहर काँक्रीटमधून किती वेगानं जाते ते मोजतात. १९९२ च्या भारतीय मानकातल्या तक्त्याप्रमाणे सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर वेग असेल तर काँक्रीट चांगलं, ३ च्या खाली असेल तर शंकास्पद धरलं जायचं; २०१८ मध्ये हे मानक बदललं. हाफ-सेल चाचणीत सळईचा विद्युतदाब पाहतात. तो उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात.

हे आकडे सामान्य खरेदीदारानंही मागावेत. कुठल्या कॉलमवर कुठली चाचणी झाली, आकडा काय आला, दुरुस्ती कोणती आणि अंदाजे खर्च किती, हे अहवालात असेल तरच दोन माणसांना समोरासमोर बसून भावाबद्दल बोलता येतं. 'इमारतीस दुरुस्तीची आवश्यकता आहे' असं एका पानाचं पत्र असेल, तर त्यातून फक्त भीती किंवा बेफिकिरी निघते.

*

मुंबई आणि आसपासच्या शहरांत ऑडिटनंतर इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तातडीनं रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे लोक राहत असतानाच संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. दोन अहवाल परस्परविरोधी आले तर मुंबईत महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती त्यांचा निवाडा करते.

खरेदीदारानं यातला सी-२बी नीट ओळखावा. सी-१ ऐकून कुणीही थबकतो, सी-३ ऐकून कुणी थबकण्याचं कारण नाही. सी-२बीमध्ये इमारत उभी असते, लोक राहत असतात, मुलं जिन्यात खेळत असतात, आणि काही लाखांचा खर्च प्रत्येक घराच्या दारात येऊन उभा असतो. व्यवहारातला बहुतेक अन्याय या वर्गातच घडतो.

*

अनेकदा नवा अहवाल काढावाही लागत नाही, कारण तो सोसायटीच्या कपाटात असतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. मुंबई महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नं तीस वर्षांवरच्या इमारतींना स्थैर्याचं प्रमाणपत्र बंधनकारक केलं आहे.

खरेदीदार कार्यालयात जाऊन अहवाल मागतो तेव्हा त्याला सांगतात, 'बाहेरच्यांना दाखवत नाही.' त्यावर बरेच जण गप्प बसतात. इथे लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की विक्रेता बाहेरचा नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाचं कलम ३२ सभासदाला सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं पाहण्याचा आणि त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क देतं. ऑडिट झालं असेल तर त्याची चर्चा, दुरुस्तीचं अंदाजपत्रक, प्रत्येकी वर्गणीचा ठराव, आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून तो कुणी पुढे ढकलला, हे सगळं इतिवृत्तात सापडतं. म्हणून मागणी सेक्रेटरीकडे करू नये, विक्रेत्याकडे करावी : गेल्या पाच वर्षांची इतिवृत्तं आणि शेवटचा ऑडिट अहवाल आणून द्या, मग टोकन. जो विक्रेता हे आणून देतो त्याच्याशी व्यवहाराची निम्मी काळजी तिथेच मिटते.

*

वयाचा नियम पुरेसा नाही. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ जण गेले. ती जेमतेम दहा वर्षांच्या आतबाहेरची होती. उपविधी जिला पंधरा वर्षांपर्यंत ऑडिट मागत नाहीत, अशी ती इमारत. नव्या दिसणाऱ्या इमारतीतला रिसेल फ्लॅट घेतानाही एका इंजिनिअरनं तळमजल्यावरचे खांब आणि गच्ची पाहून यावं, एवढा खर्च करायलाच हवा.

*

कायदा खरेदीदाराला वाटतो त्याहून जुना आणि स्पष्ट आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५५ सांगतं : मालमत्तेत एखादा महत्त्वाचा दोष आहे, विक्रेत्याला तो माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो सापडला नसता, तर विक्रेत्यानं तो सांगितलाच पाहिजे. न सांगणं हे कपट धरलं जातं. मात्र करारात याविरुद्ध काही ठरलं असेल तर तो करार चालतो. म्हणून साठेखताच्या मसुद्यात 'आहे त्या स्थितीत, पाहून व समजून घेतले' अशा अर्थाची ओळ असेल, तर ती वाचून पुढे जाऊ नये. वकिलाला थांबवून विचारावं, ही ओळ माझ्याकडून नेमकं काय काढून घेते?

दुसऱ्या बाजूला १८७२ चा करार कायदा आहे. गैरमाहितीमुळे किंवा कपटी मौनामुळे झालेला करार रद्द ठरवता येतो, पण साधारण तत्परतेनं खरं काय ते कळण्याचं साधन ज्याच्या हाती होतं, त्याला ही सोय मिळत नाही. दोन्ही तरतुदी एकत्र वाचल्या की अहवालाचं खरं वजन कळतं. अहवाल हाती आला की 'मला माहीत नव्हतं' असं म्हणण्याची वाट दोघांनाही बंद होते. विक्रेता तो दडवू शकत नाही आणि खरेदीदार तो न वाचता टेबलावर ठेवू शकत नाही. तिथून पुढे न्याय-अन्याय ठरतो तो कळलेल्या गोष्टीचं प्रत्येकानं काय केलं यावरून.

*

विक्रीआधी घराला रंग काढणं यात गैर काही नाही. पाहुणे येणार म्हणून आपणही घर आवरतो. पण टॉयलेटखालच्या स्लॅबचे पोपडे खरवडून, उघड्या सळईवर पुट्टी भरून, वर फॉल्स सीलिंग लावून घेणं हे आवरणं नव्हे. कायदा खरेदीदाराकडून साधारण काळजीची अपेक्षा ठेवतो, आणि हा माणूस ती काळजीच निकामी करून ठेवतो. मला हे न सांगण्याहूनही वाईट वाटतं. गप्प बसणारा निदान भिंतीला बोलू देतो.

*

घर पाहायला आषाढात जावं. एप्रिल-मे महिन्यांत कोरड्या खडखडीत भिंती पाहून ठरवलेले व्यवहार जुलैत रडवतात. चार दिवसांच्या संततधारेनंतर शेवटच्या मजल्याचं छत, पश्चिमेची भिंत, खिडकीच्या छज्ज्याचा सांधा, डक्टमधले पाइप, लिफ्टचा खड्डा हे सगळं पाहून घ्यावं. वरच्या आणि खालच्या घरात दोन मिनिटं जाऊन यावं. गळतीचा उगम बहुतेक वेळा आपण घेत असलेल्या घरात नसतोच.

गळतीचा खर्च कुणाचा हेही उपविधींत आहे. गच्चीतून झिरपणाऱ्या पावसानं वरच्या मजल्याचं छत खराब झालं, किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमधून पाणी आलं, तर दुरुस्ती सोसायटीची. घरातल्या टॉयलेट-सिंकमधून गळत असेल तर त्या सभासदाची. पाहणीत ओल निघाली की पहिला प्रश्न हा विचारावा, कारण त्यावरून कुणाशी बोलायचं ते ठरतं.

*

टोकनचं. फ्लॅट आवडला की संध्याकाळी एजंटचा फोन येतो : 'दुसरी पार्टी तयार आहे, आज टोकन द्या.' लाख-दोन लाख जातात, पावतीवर रक्कम आणि सही एवढंच असतं. पंधरा दिवसांनी ऑडिटची बातमी कळते, खरेदीदार मागे फिरतो आणि टोकन अडकतं. त्याला वाटतं, चूक आपली, शब्द आपण मोडला.

चूक पावतीतल्या रिकाम्या जागेची असते. तिथे दोन ओळी लिहून घ्याव्यात : सोसायटीचा शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल आणि खरेदीदाराच्या इंजिनिअरची पाहणी यांत संरचनेचा दोष निघाल्यास टोकन कपात न करता अमुक दिवसांत परत. प्रामाणिक विक्रेत्याला यात हरकतीचं काही नाही.

ओळी लिहिल्या नसतील तरी सगळं संपत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवी भरपाईच मिळते, मनमानी दंड मिळत नाही. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) या निकालात सर्वोच्च न्यायालयानं १,००० रुपयांचा बयाणा जप्त करू दिला, पण वर दिलेले २४,००० रुपये जप्त करू दिले नाहीत. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) मध्ये नुकसानच झालं नसेल तर बयाणा ठेवून घेता येत नाही, असं म्हटलं. पण दोन लाखांसाठी कोर्टात जाणं किती जणांना परवडतं? म्हणून दोन ओळी आधी.

*

आता एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत.

मुंबईत १९८८ सालची, २४ बिऱ्हाडांची इमारत. फ्लॅटचा भाव ८० लाख. बँक ८० टक्के, म्हणजे ६४ लाख देईल, असं धरून खरेदीदार निघाला. त्याला स्वतःचे १६ लाख, ६ टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे ४ लाख ८० हजार आणि नोंदणीचे ३० हजार, मिळून २१ लाख १० हजार उभे करायचे होते. ते त्यानं केले.

मग ऑडिट निघालं. सी-२बी, दुरुस्तीचा अंदाज १ कोटी २० लाख, प्रत्येकी ५ लाख. बँकेच्या व्हॅल्युअरनं इमारतीची अवस्था पाहून किंमत ७२ लाख धरली. कर्ज उतरून ५७ लाख ६० हजारांवर आलं. विक्रेता भावावर अडून राहिला, तर खरेदीदाराला लागणारी रोकड २१ लाख १० हजारांवरून ३२ लाख ५० हजारांवर जाते. दोष एकच, पण त्यानं खरेदीदाराला दोनदा गाठलं : एकदा कर्ज कमी करून आणि एकदा वर्गणी मागून. विक्रेत्याला मात्र तो एकदाही भिडला नाही.

'पाच लाखांसाठी एवढं काय ताणायचं' असं बोलणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा. मध्यमवर्गीय घरात ही वाढीव रक्कम आईचे दागिने, पीएफची उचल किंवा जास्त व्याजाचं वैयक्तिक कर्ज यांतून येते.

*

सोसायटीकडे निधी का नसतो? उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी वर्षाला बांधकामखर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के असावा. पण बहुतेक ठिकाणी धरला जातो तो बांधला तेव्हाचा खर्च. १९८८ च्या सिमेंटच्या भावावर काढलेले टक्के आणि आजच्या मजुरीनं करायची दुरुस्ती, यांचा मेळ कसा बसणार? त्यात दरवर्षी सभेत मेंटेनन्स वाढवायला विरोध होतो. कमी मेंटेनन्सची ती वर्षं ज्यांनी उपभोगली, ते त्यातले काही लाख स्वतःजवळ वाचवूनच बाहेर पडत असतात. दुरुस्तीचा भार विक्रेत्यानं उचलावा, असं मी म्हणतो ते याच कारणासाठी. झीज त्याच्या काळात झाली, बचतही त्याच्याच काळात झाली.

*

पण विक्रेत्याची बाजूही न्यायानं पाहायला हवी. पुष्कळदा तो सत्तरीतला निवृत्त माणूस असतो. तोच एक फ्लॅट त्याची मिळकत, आणि त्यातून मुलाजवळ छोटं घर घ्यायचं असतं. अहवाल हाती आला म्हणून त्याच्यावर तो काठीसारखा उगारू नये.

मला एक साधा नियम पटतो. मागितलेला भाव ज्या स्थितीला धरून आहे, त्या स्थितीला घर आणि इमारत आणण्याचा खर्च भावातून वजा व्हावा. बीमचं पॉलिमर मॉर्टर, कॉलमचं जॅकेटिंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग हे त्यात येतं. त्याच ठरावात घुसवलेली नवी लिफ्ट, लॉबीतलं ग्रॅनाइट, गेटवरचे कॅमेरे यांचा वाटा खरेदीदारानं उचलावा, कारण त्याचा लाभ तोच घेणार. इमारतीचं वय आणि अवस्था धरून भाव आधीच शेजारच्यापेक्षा उतरवलेला असेल, तर तीच वजावट दुसऱ्यांदा मागू नये. आणि काम सुरू झालेलं नसेल, अंदाज वर-खाली होण्याची शक्यता असेल, तर ठरलेली रक्कम विक्रेत्याच्या नावानं पण सोसायटीच्या दुरुस्ती खात्यात भरून घ्यावी. पैसा कामालाच लागतो आणि दोघांच्याही मनात किंतु राहत नाही.

ज्यानं आपणहून अहवाल समोर ठेवला, त्याच्याशी घासाघीस करताना हात जरा सैल ठेवावा. खरं बोलणारा प्रत्येक वेळी तोट्यात गेला, तर पुढच्या वेळी कुणी खरं का बोलेल?

*

सरकारदरबारी मात्र दोष दिसत नाही. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरतक्त्याची, किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. रेकनरमध्ये इमारतीच्या वयाची घट धरतात, पण प्रकृतीची धरत नाहीत. वरच्या उदाहरणात रेकनर ८० लाख सांगत असेल आणि दोषामुळे भाव ७५ लाखांवर आला, तरी शुल्क ८० लाखांवरच. भाव ७० लाखांवर आला तर अडचण आणखी वाढते : फरक आयकराच्या १० टक्क्यांच्या सवलतीपलीकडे जातो आणि वरचे १० लाख खरेदीदाराचं उत्पन्न समजले जाऊ शकतात. तडा गेलेलं घर खऱ्या किमतीला घेतलं म्हणून कर भरायचा. मूल्यांकनाविरुद्ध दाद मागता येते, पण त्यासाठी वेळ आणि सल्लागार लागतात. नोंदणीकृत इंजिनिअरचा ऑडिट अहवाल जोडला तर मूल्यांकनात त्याची दखल सक्तीनं घ्यावी, एवढी सुधारणा झाली तरी प्रामाणिक व्यवहार सोपे होतील.

*

'बँकेनं कर्ज मंजूर केलंय, म्हणजे बिल्डिंग ठीकच असणार.' हे वाक्य फार ऐकू येतं. बँकेचा माणूस येतो तो बँकेची रक्कम सुरक्षित आहे का ते पाहायला. घर विकून आपलं कर्ज वसूल होईल का, एवढाच त्याचा प्रश्न. आपल्याला त्या घरात झोपायचं असतं.

या प्रश्नावर इंग्लंडमध्ये १९८९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं एक महत्त्वाचा निकाल दिला : स्मिथ विरुद्ध एरिक एस. बुश. नॉर्विचमधलं साधं घर. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हेअरनं लिहिलं, मोठ्या दुरुस्तीची गरज नाही. खरेदीदार बाईंनी त्यावर विसंबून घर घेतलं. आतून चिमणीचा आधार कधीतरी काढलेला होता आणि वरची चिमणी तशीच अधांतरी उभी होती. दीड वर्षानं ती छत फोडून आत कोसळली. 'आम्ही जबाबदार नाही' असं कागदावर लिहिलेलं होतं, तरी न्यायालयानं सर्व्हेअरला जबाबदार धरलं. फी खरेदीदाराकडूनच येते, आणि साधं घर घेणारी माणसं या अहवालावरच विसंबतात हे सर्व्हेअरला ठाऊक असतं, ही त्यामागची दृष्टी. आपल्याकडेही प्रक्रियाशुल्क कर्जदारच भरतो. निदान बँकेच्या तांत्रिक अहवालाची प्रत तरी त्याला हक्कानं मिळायला हवी.

*

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिथली पद्धत ओळखीची असेल. सर्व्हे खरेदीदारानं स्वतःच्या पैशानं करायचा. लेखी करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघांनाही मागे फिरता येतं. सर्व्हेत भिंत खचल्याचं निघालं तर भाव पुन्हा बोलायचा किंवा सोडून द्यायचं. फी मात्र बुडते. एकाच घरावर तीन जणांनी तीनदा फी भरायची आणि विक्रेत्यानं चौथ्याची वाट पाहायची, असंही होतं.

स्कॉटलंडनं १ डिसेंबर २००८ पासून हे उलटं केलं. घर बाजारात आणण्याआधी विक्रेत्यानंच सर्व्हेअरचा अहवाल, ऊर्जेचा अहवाल आणि घराची प्रश्नावली मिळून 'होम रिपोर्ट' तयार ठेवायचा. तो सगळ्या इच्छुकांना सारखाच मिळतो. नॉर्वेनं १ जानेवारी २०२२ पासून ग्राहकाला घर 'आहे तसं' म्हणून विकायची मुभा काढून घेतली. अहवालात जे स्पष्ट लिहिलं ते खरेदीदाराला माहीत होतं असं धरायचं, आणि जे लिहिलं नाही त्याची जोखीम विक्रेत्याची. त्यामुळे अहवाल पूर्ण आणि खरा असण्यात विक्रेत्याचंच हित आलं. मला यातलं तत्त्व आवडतं. घरात जो राहिला त्याला घर जास्त माहीत असतं, तेव्हा सांगण्याची सुरुवात त्यानं करावी.

*

नव्या इमारतीत खरेदीदाराची स्थिती बरी आहे. रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत संरचनेचा, कामाच्या दर्जाचा किंवा सेवांचा दोष दाखवला, तर विकासकानं तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. 'अलॉटी' या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो. म्हणून तीन-चार वर्षांच्या इमारतीतला रिसेल फ्लॅट घेणाऱ्यानं ताब्याची तारीख विचारून ठेवावी आणि दोष दिसला की विकासकाला लेखी कळवावं. जुन्या फ्लॅटच्या माणूस-ते-माणूस व्यवहाराला हे छत्र नाही. शहरातली कितीतरी घरं अशीच हात बदलतात.

*

मुंबईत एक वेगळीच गोष्ट घडते. दोष निघाला की भाव वाढतो. 'सी-१ आहे, लवकरच रिडेव्हलपमेंटला जाणार, जागा वाढीव मिळेल.' ज्या कागदानं सावध करायचं, तोच कागद आमिष होतो. रिडेव्हलपमेंट झालेली आणि सुखानं नव्या घरात गेलेली कुटुंबं आहेत. पण विकासक नेमलेला नाही, रस्ता अरुंद आहे, सभासदांत दोन तट आहेत, अशा सोसायटीत त्या आशेची किंमत आज रोख मोजणं म्हणजे दुसऱ्याच्या नशिबाची जोखीम विकत घेणं. खरेदीदारानं विचारावं : विकासकाबरोबर नोंदणीकृत करार झाला आहे का? भाडं कोण देणार, किती दिवस? उत्तर 'बोलणी चालू आहेत' असेल, तर किंमत आजच्या इमारतीचीच द्यावी.

*

घरातले फेरफार. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये साईदर्शन ही इमारत कोसळली, १७ जण दगावले. तळमजल्यावरच्या कामात खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. काढलेली भिंत, हलवलेलं टॉयलेट, बाल्कनी आत घेऊन वाढवलेला हॉल हे सगळं खरेदीबरोबर आपल्या नावावर येतं. मंजूर नकाशा हातात घेऊन एकदा घरातून फिरावं. फरक दिसला तर तो पूर्ववत करण्याचा खर्च विक्रेत्याचा.

*

पाहणीत दोष निघाला आणि खरेदीदार मागे फिरला की त्याच्यापुरता विषय संपतो. अहवाल मोबाइलमध्ये राहतो. रविवारी दुसरं कुटुंब तेच घर पाहायला येतं, त्याच बाल्कनीत उभं राहतं, त्याच एजंटकडून तेच ऐकतं.

मला वाटतं, मागे फिरणाऱ्यानं जाताना एक काम करावं. अहवालाची प्रत विक्रेत्याला ई-मेलनं पाठवावी आणि पोच घ्यावी. एक प्रत सेक्रेटरीला द्यावी. कलम ५५ चं सारं बळ 'विक्रेत्याला माहीत असलेल्या' दोषाला आहे. आपण पाठवलेल्या त्या पत्रानं दोष त्याला कायद्यानं माहीत होतो, आणि पुढच्या व्यवहारात त्याला तो सांगावाच लागतो. खर्च काही नाही, वेळ पाच मिनिटांचा. त्या घरात पुढे राहायला येणारं कुटुंब आपल्याला कधी भेटणारही नाही, पण त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब कसा आहे हे आपल्याला कळलं आहे. कळलेलं सांगणं हे आपलं कर्तव्य आहे, आणि विक्रेत्याकडून आपण जी अपेक्षा केली, ती आधी आपण पूर्ण करायची.